लिहून राहिल्या का ऐकून राहिल्या?

चित्रपट-दिग्दर्शिका सुमित्रा भावेंबद्दल लिहायचं तर मला भिवापूरच्या मिरची सातऱ्यापासून सुरुवात करावी लागते. तिथे मी पहिल्यांदा गेले त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवरून सकाळची एस.टी. पकडली, उमरेड मागे पडलं, आणि भिवापूर यायच्या आधीच खिडकीतून मिरचीचा वास यायला लागला. सातरा म्हणजे मोकळं आवार. जमिनीवर लालभडक मिरची अंथरलेली आणि तिच्यात ओळीनं बसलेल्या बाया. एकेक मिरची उचलायची, देठ तोडायचा, मिरची इकडे, देठ तिकडे. मजुरी किलोवर. नाकातोंडाला दुपट्टे घट्ट बांधलेले असतात. नव्या माणसाला तरीही पाच मिनिटांत ठसका लागतो आणि डोळे गळायला लागतात.

एका संस्थेच्या सर्वेक्षणासाठी मी फॉर्म भरून घेत होते. ज्या मावशींच्या शेजारी बसले होते त्यांचा नातू जवळच खेळत होता. तो रडत आला तेव्हा त्यांनी त्याला दोन्ही मनगटांच्या मध्ये धरून उचललं. तळहात आणि बोटं बाहेरच्या बाजूला, लेकराला लागणार नाहीत अशी. ती बोटं संध्याकाळी भगभगायला लागतात, तेल चोळलं तरी रात्रभर आग राहते, असं त्यांनी सांगितलं. पण मनगटांनी उचलण्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. ते त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की सांगण्यासारखं वाटलंच नसेल.

माझ्या फॉर्मवर प्रश्न होता, ‘घरात मोठ्या खर्चाचे निर्णय कोण घेतं?’ पुढे चार रकाने. पती, स्वतः, दोघं मिळून, इतर.

“मालकच घेते जी,” मावशी म्हणाल्या.

मी ‘पती’वर खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. त्या मात्र बोलतच होत्या. मी मान खाली घालून हं हं करत होते. मग त्यांचे हात थांबले.

“ताई, तुमी लिहून राहिल्या का आयकून राहिल्या?”

मी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी बकरीची गोष्ट सांगितली. मालकाला बकरी विकायची होती. सौदा झाला होता, व्यापारी सकाळी येणार होता. आदल्या रात्री मावशींनी बकरी नेऊन जावेच्या कोठ्यात बांधली आणि सकाळी उठून बोंब मारली, दावं तोडून पळाली म्हणून. मालक दोन दिवस बांधाबांधानं शोधत फिरला. व्यापारी वाट पाहून निघून गेला. तिसऱ्या दिवशी बकरी ‘सापडली’. पुढे तिला दोन पिल्लं झाली, आणि त्यातल्या एकाच्या पैशातून मुलीचा दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरला गेला.

“मंग तुमीच ठरवता की मावशी,” मी म्हटलं.

“नाही जी. ठरवते मालकच.”

म्हणून खूण ‘पती’वरच राहिली. अहवाल इंग्रजीत छापून आला. त्यात टक्केवारीचा एक तक्ता होता आणि त्या तक्त्यात कुठेतरी ती खूण होती. सातऱ्यावरच्या एकाही बाईनं तो अहवाल पाहिला नाही. पाहिला असता तरी वाचता आला नसता.

सुमित्रा भावेंचे सिनेमे मी त्याआधी पाहिले होते. पण त्या सिनेमाकडे कशा आल्या ते भिवापूरहून परतल्यावर वाचलं, आणि वाचताना अंगावर काटा आला. कारण त्यांनाही नेमकं हेच टोचलं होतं.

त्यांचा जन्म 12 जानेवारी 1943चा, पुण्याचा. फर्ग्युसन कॉलेज, मग राज्यशास्त्र आणि समाजशास्त्राचा अभ्यास, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समाजकार्याचं शिक्षण, आणि पुण्यात कर्वे समाजसेवा संस्थेत अध्यापन. चाळिशीपर्यंतचा हा रस्ता सरळ प्राध्यापकीच्या निवृत्तीकडे जाणारा आहे. त्यात कॅमेरा कुठेच नाही. सई परांजपे आणि विजया मेहता या दोघी मराठी घरातल्या मोठ्या दिग्दर्शिका. त्या नाटकातून आल्या. प्रकाश, प्रवेश, नटाचं शरीर हे सगळं त्यांना आधीपासून ठाऊक होतं. सुमित्राताई आल्या झोपडपट्टीतून, म्हणजे तिथे तासन्‌तास बसून.

‘स्त्रीवाणी’ या संशोधन प्रकल्पात त्या पुण्याच्या वस्त्यांमधल्या दलित बायकांशी बोलत होत्या. त्यातून आठ बायकांच्या आत्मकथनांचं एक पुस्तक झालं. गेल ऑम्व्हेट यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद 1988 साली ‘पॅन ऑन फायर’ या नावानं आला. माझ्यासारख्यांना ते पुस्तक फार मोलाचं आहे. पण ज्या बायकांनी आपलं आयुष्य उकलून सांगितलं त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांचंच बोलणं त्यांच्यापर्यंत परत जायचं कसं? सुमित्राताईंना सुचलेलं उत्तर होतं, चित्र. वाचता येत नसलं तरी पाहता येतं, आणि आपल्यासारखी बाई पडद्यावर दिसली की तिच्याबद्दल बोलता येतं.

त्यातून 1985 साली ‘बाई’ हा लघुपट झाला. वय बेचाळीस. फिल्म इन्स्टिट्यूट त्यांच्याच शहरात होती, पण त्या तिथे शिकलेल्या नव्हत्या. वस्तीत राहणारी, हिमतीनं संसार ओढणारी एक बाई, एवढाच विषय. त्याला कुटुंबकल्याणावरच्या सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. याच वेळी सुनील सुकथनकर हा तरुण मुलगा त्यांच्याबरोबर काम करायला लागला. पुढे तो फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शन शिकून परत आला आणि तीसेक वर्षं भावे-सुकथनकर हे जोडनाव मराठी सिनेमात टिकलं. डझनावर चित्रपट, पन्नासच्या वर लघुपट. दिग्दर्शन दोघांचं, गाणी सुकथनकरांची, आणि लेखन सुमित्राताईंचं.

मला या सगळ्यात त्यांचं लेखनच जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे पटकथा म्हटलं की लोकांना संवाद आठवतात, टाळीची वाक्यं आठवतात. पटकथेचा जीव प्रसंगात असतो. ‘निर्णय कोण घेतं’ याचं उत्तर ‘पती’ इथे संपलं की अहवाल तयार होतो. बाई अंधारात बकरीचं दावं धरून जावेच्या कोठ्याकडे निघाली की तिथे पटकथा सुरू होते. हे ऐकायला मिळावं म्हणून समोरच्या बाईजवळ तिचं पहिलं उत्तर देऊन झाल्यावरही बसून राहावं लागतं. पहिलं उत्तर ती आपल्यासाठी देते, आपल्या फॉर्मला सोयीचं. पुढचं तिचं असतं. सुमित्राताई त्या पुढच्यासाठी बसून राहणाऱ्या लेखिका होत्या, असं त्यांची पात्रं पाहताना मला वाटतं.

‘दोघी’ घ्या, 1995चा. लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाच्या गाडीला अपघात होतो, नवरा मुलगा जातो, आणि गौरी गावाच्या लेखी अपशकुनी ठरते. बाप अंथरुणाला खिळतो. घर खचत जातं आणि आई थोरल्या लेकीला मामाबरोबर मुंबईला पाठवते. तिथे तिचं काय होणार हे प्रेक्षकाला कळतं, आणि आईला किती कळलं होतं हा प्रश्न पुढे सगळा सिनेमा आपल्या मानेवर बसून राहतो. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी या त्या दोघी बहिणी. पण मला आठवते ती उत्तरा बावकरांची आई. लेकीनं पाठवलेल्या पैशावर घर चालतं, आणि धाकटीच्या लग्नात तीच लेक चारचौघांत दिसायला नको असते. दुसऱ्या कुणीही या आईला दुष्ट केलं असतं, नाहीतर आसवं गाळायला बसवलं असतं. इथे ती नुसती वागत राहते, आणि आपल्याला तिचा राग येतो तेव्हाच आपण तिच्या जागी काय केलं असतं हेही मनात येऊन जातं. आमच्या मोहल्ल्यात ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्द मी लहानपणी कितीदा ऐकला आहे. म्हणणाऱ्या बाया वाईट नव्हत्या. त्याच बाळंतिणीला डिंकाचे लाडू घेऊन जायच्या.

मग ‘दहावी फ’, ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’, ‘नितळ’, ‘एक कप च्या’. तुकडीच्या नावावरून ढ ठरलेली पोरं, जुन्या वाड्यातली एका मुलाला डॉक्टर करायचंच म्हणून हट्टाला पेटलेली आई, अंगावर कोडाचे डाग असलेली डॉक्टर मुलगी, भलंमोठं वीजबिल आल्यावर माहितीचा अधिकार वापरणारा कोकणातला एस.टी. कंडक्टर. सगळ्यांवर लिहीत बसत नाही. ‘देवराई’बद्दल मात्र नागपूरकर म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

राज्यात सरकारी मनोरुग्णालयं चार, त्यातलं एक आमच्याकडे आहे. त्या भागातल्या चौकाला अजूनही ऑटोवाले पागलखाना चौक म्हणतात. आम्हीही म्हणतो. “पागलखान्याजवळ उतरवून द्या” असं मी स्वतः शेकडो वेळा म्हटलं असेल, आणि शाळेत कुणी वेडंवाकडं वागलं की “तिकडे सोडून येऊ का” हा रोजचा शब्द होता. 2004च्या ‘देवराई’त अतुल कुलकर्णीचा शेष हा स्किझोफ्रेनिया झालेला माणूस आहे. हुशार, देवराईवर जीव असलेला, आणि आपल्याला ऐकू येणारे आवाज खरे की खोटे या गुंत्यात सापडलेला. सिनेमा त्याच्या डोक्यात शिरतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. तो त्याच्या बहिणीच्या स्वयंपाकघरातही थांबतो. भाऊ घरी आणला की नवऱ्याचं, मुलीचं, शेजाऱ्यांचं, आपल्या झोपेचं काय होतं ते त्या बहिणीच्या थकलेल्या चेहऱ्यावर दिसतं. आजाऱ्याची माहिती सांगणारे चित्रपट पुष्कळ निघतात. आजाऱ्याच्या माणसांना विचारणारी बाई विरळा. तो सिनेमा पाहिल्यापासून मी ऑटोवाल्याला चौकाच्या अलीकडच्या दुकानाची खूण सांगते.

माझा सगळ्यात लाडका ‘अस्तु’. संस्कृतचे गाढे विद्वान चक्रपाणि शास्त्री, ज्यांच्या डोक्यातून आता शब्द निसटत चालले आहेत. अल्झायमर. मोहन आगाशे, स्वतः मानसोपचारतज्ज्ञ, या भूमिकेत आहेत. मुलगी त्यांना गाडीत बसवून जरा खाली उतरते, तेवढ्यात रस्त्यानं हत्ती जातो, आणि म्हातारबुवा लहान मुलासारखे हत्तीमागे चालायला लागतात. घरचे शोधत सुटतात. इकडे शास्त्री पोचतात माहुताच्या पालावर, त्याच्या बायकोकडे. चन्नम्मा. अमृता सुभाषनं केलेली. तिची बोली कानडी. ती शिकलेली नाही, तिला अल्झायमर माहीत नाही, हा माणूस कोण तेही माहीत नाही. तिला दिसतं एवढंच की हा भुकेला आहे, घाबरला आहे आणि मुलासारखा आहे. मग ती त्याला मुलासारखं वागवते. त्यालाही तिच्यात आई दिसायला लागते.

या चित्रपटासाठी अमृता सुभाषला सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि सुमित्राताईंना संवादांचा. ज्याचे शब्द हरवत चाललेत त्या माणसावरचा सिनेमा, आणि पुरस्कार संवादांसाठी. मला यात मोठं सत्य दिसतं. शास्त्र्यांच्या तोंडी शेवटी शेवटी फार थोडे शब्द उरतात. चन्नम्मा आणि त्यांची भाषाही एक नाही. तरी त्यांचं बोलणं होतं. असे संवाद लिहायला, न कळणारं बोलणं कळेपर्यंत ऐकायची सवय लागते. ती सवय मला वाटतं वस्तीतली होती.

मला त्यांचे सगळे सिनेमे सारखे भावले नाहीत, हेही सांगायला हवं. काही ठिकाणी माणसं आपलं दुःख फार नीट, फार समजूतदार शब्दांत मांडतात. खऱ्या घरात माणूस इतका धड बोलत नाही. तो ताटावरून उठून जातो, नाहीतर भलत्याच गोष्टीवरून भांडतो. ‘कासव’मध्येसुद्धा नैराश्यातून जाणाऱ्या त्या मुलाभोवतीची माणसं इतकी चांगली आहेत की मला मधूनच वाटलं, एखादं तरी चिडचिडं हवं होतं. पण ‘कासव’ मी पाहिला तेव्हा दुपारच्या खेळाला हॉलमध्ये आम्ही नऊ जण होतो. माझ्या पुढच्या रांगेत कॉलेजातला एक मुलगा एकटाच बसला होता. सिनेमा संपला, दिवे लागले, सफाईवाले झाडू घेऊन आत आले, तरी तो उठला नाही. मी बाहेर जाताना त्याच्या खांद्याला हात लावून “ठीक आहेस ना बाळा” असं विचारलं. त्यानं मान हलवली. माझी तक्रार मी तिथेच सोडून दिली. ज्याच्या घरात कुणी समजूतदार नाही त्याला पडद्यावर तरी तशी माणसं भेटली पाहिजेत, हे त्या बाईला माझ्याहून चांगलं कळत होतं. त्या वर्षीचं सर्वोत्तम चित्रपटाचं सुवर्णकमळ ‘कासव’ला मिळालं होतं. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्यानंतर मराठीला मिळालेलं पाचवं.

सुमित्राताई गेल्या 19 एप्रिल 2021ला, पुण्यात. नागपूरचे ते कोरोनाचे दिवस ज्यांनी काढले त्यांना वर्णन करून सांगायला नको. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. त्या आठवड्यात आम्ही माझ्या मामेभावासाठी बेड शोधत होतो. बातमी मोबाइलवर आली, मी वाचली आणि पुढचा नंबर लावला. रडू आलं ते महिनाभरानं, 21 मेला ‘दिठी’ आला तेव्हा. रात्री सगळे झोपल्यावर, आवाज बारीक करून पाहिला.

दि. बा. मोकाशींच्या ‘आता आमोद सुनासि आले’ या कथेवरचा हा सिनेमा. या वेळी दिग्दर्शनात त्यांचं एकटीचं नाव होतं. रामजी लोहार, किशोर कदमनं उभा केलेला. तीस वर्षं वारी करणारा वारकरी, आणि तरणाताठा मुलगा पुरात वाहून गेलेला. विठ्ठलावरचा त्याचा विश्वास हलला आहे. घरात सून नुकती बाळंत झाली आहे, मुलगी झाली म्हणून तिच्यावरही तो धुमसतो आहे. बाहेर पाऊस थांबत नाही. आणि अशात गावातली एक गाय अडते. गाय सोडवण्यात रामजीचा हात धरणारं कुणी नाही. तो जाईल का, हा पेच. तो जातो. मरणानं बधिर झालेला माणूस अंधारात, चिखलात, जन्माला हात देतो. त्या एप्रिलनंतर ते पाहणं काय होतं, मला नीट सांगता येत नाही. मी तो प्रसंग थांबवून पुन्हा पाहिला, आणि मामेभावाच्या बायकोला तिच्या नव्या एकटेपणात काय बोलावं हे जे मला महिनाभर सुचत नव्हतं, ते न बोलता तिच्याकडे जाऊन दोन दिवस राहिले.

गेल्या फेब्रुवारीत भिवापूरला पुन्हा गेले. कामासाठी नाही, त्या मावशींना भेटायला. त्या अजून सातऱ्यावर बसतात. मुलगी नर्सिंग करून उमरेडला लागली, मनगटांवर उचललेला तो नातू आता कॉलेजात जातो. जेवणाच्या सुट्टीत बाया डबे सोडून बसल्या होत्या. मी फोनवर ‘दिठी’तला गाईचा प्रसंग लावला. मिरचीचे हात कितीही धुतले तरी डोळ्याला लावायची भीती असते, फोनलाही कुणी हात लावेना. मीच दोन्ही हातांनी तो धरून उभी राहिले आणि आठ-दहा बाया माना पुढे करून पाहायला लागल्या.

सुरुवातीला कुजबुज होती. मग ती थांबली. वासरू बाहेर आलं तेव्हा मागच्या एकीनं “आली रे बाप्पा” म्हणून श्वास सोडला.

मी रामजीची गोष्ट थोडक्यात सांगितली, सुनेचीही. मावशींनी पोळीचा तुकडा तसाच हातात धरला होता.

“गाईचं दुखनं कयते त्याले,” त्या म्हणाल्या, “सुनेचं कयाले गाय अडा लागली.”

बाया हसल्या. मग एकीला प्रश्न पडला, हा पिक्चर कुणी काढला.

“एक बाई होत्या,” मी सांगितलं, “पुण्याच्या. सत्तरीच्या पुढं होत्या तवा.”

“पुन्याच्या बाईले गाय कशी अडते ते कसं ठाऊक?”

मी उत्तर देणार तेवढ्यात मावशींनीच दिलं. डबा बंद करत, दुपट्टा पुन्हा नाकावर ओढत.

“इचारलं असन ना कोनाले तरी. बसली असन अशीच कोनाजवळ.”

आणि त्यांनी मिरची पुढे ओढली.